शब्दचर्चा : ‘इंडियानो’ला मराठीत काय म्हणावं?

बार्सिलोनाच्या नैर्ऋत्येला, साधारण ३५ किलोमीटरवर, समुद्रकाठी सिजस नावाचं कातालान, म्हणजे स्पेनच्या कातालोनिया प्रांतातलं आणि तिथली कातालान भाषा बोलणारं गाव आहे. नकाशांवर बहुधा ‘सिट्जेस’ असं लिहिलेलं दिसतं. तिथल्या जुन्या घरांविषयीचा एक मजकूर मराठीत आणतो आहे. त्यात ‘इंडियानो’ आणि ‘अमेरिकानो’ हे दोन शब्द सारखे येतात, तेही एकाच प्रकारच्या माणसांसाठी : क्युबाकडे कमाईसाठी जाऊन परतलेल्या आणि ही घरं बांधणाऱ्या गावकऱ्यांसाठी. ‘भारतीय’ लिहिणं उघडच चूक. ‘अमेरिकन’ लिहिलं तर वाचकाचं मन न्यूयॉर्कला जाणार. ‘अमेरिकानो’ तसाच ठेवला तर आजच्या वाचकाला आधी कॉफीच आठवणार. जाणकारांनी सुचवावं.

प्रतिसाद

आधी शब्द कुठून आला ते पाहू. कोलंबसाला वाटलं आपण हिंदुस्थानच्या बाजूला पोचलो, आणि स्पेनच्या राज्यकारभारात अमेरिकेतल्या मुलखाला शेकडो वर्षं ‘इंडीज’ हेच नाव राहिलं. आपण क्रिकेटमुळे ‘वेस्ट इंडीज’ म्हणतो त्यातलं इंडीज हेच. त्या इंडीजला जाऊन पैसा कमावून जो गावी परतला, तो ‘इंडियानो’. कातालानमध्ये त्याचं एकवचन कानाला जवळजवळ ‘इंदिया’ असंच लागतं, म्हणून घोळ आणखी वाढतो. सिजसमध्ये मात्र ‘अमेरिकानो’ जास्त रुळलेला आहे. कातालान बोलणाऱ्या गावानं हा शब्द स्पॅनिश रूपातच उचलला आहे. तेव्हा तुमच्या मजकुरात गावच्या माणसांच्या तोंडी अमेरिकानोच येऊ द्या.

ही माणसं का गेली, हे कळलं तर शब्द निवडणं सोपं जाईल. कातालोनियात ‘एरेउ’ची पद्धत होती. एरेउ म्हणजे सगळ्या घरादाराचा वारस, बहुतेक वेळा थोरला मुलगा. जमीन, घर, द्राक्षमळा त्याच्याकडे. मालमत्तेचा चौथा हिस्सा कायद्यानं बाजूला निघे आणि तो सगळ्या भावंडांत वाटला जाई. भाऊहिश्शांची सवय असलेल्या मराठी वाचकाला हे मुद्दाम सांगावं लागेल, कारण मूळ गोष्ट इथेच आहे : धाकट्यांच्या वाट्याला गावात फारसं काही उरत नसे. १७७८ मध्ये राजा तिसऱ्या कार्लोसनं कातालान बंदरांसकट अनेक बंदरांना अमेरिकेशी थेट व्यापाराची मुभा दिली, आणि या धाकट्यांना वाट सापडली. सिजसच्या पाठीशी गाराफचे डोंगर आहेत. त्यामुळे जमिनीवरून बार्सिलोना गाठणं जिकिरीचं होतं, समुद्र मात्र दारातच. तिथली माल्वाझिया ही गोड दारूही समुद्रमार्गेच जाई. पोरं क्युबाला, पोर्तो रिकोला गेली, दुकानांत राबली, पुढे स्वतःची पेढी काढली.

सगळ्यांत प्रसिद्ध नाव फाकुंदो बकार्दीचं. जन्म सिजसचा, १८१४ चा. १८३० मध्ये तो सान्तियागो दे क्युबाला गेला आणि १८६२ मध्ये तिथे त्यानं रमची भट्टी घेतली. पण नेमक्या अर्थानं तो अमेरिकानो नव्हे, कारण तो तिकडेच राहिला. या शब्दात परतणं आहेच आहे. उलट शेजारच्या विलानोव्हाचा फ्रान्सेस्क गुमा हा पक्का अमेरिकानो. क्युबात कमावलं, परत आला आणि बार्सिलोना ते विलानोव्हा रेल्वे उभी केली. १८८१ च्या अखेरीस ती सुरू झाली आणि गाराफच्या पोटातून आगगाडी सिजसला पोचली.

आणखी एक. या शब्दाभोवती फक्त ताडाची झाडं आणि रंगीत गच्च्या नाहीत. क्युबात गुलामगिरी १८८६ मध्ये संपली. तोवर तिथल्या साखरेच्या पैशात गुलामांचे कष्ट मिसळलेलेच होते, आणि काही कातालान जहाजमालक तर बंदी आल्यावरही माणसांच्या व्यापारात होते. म्हणून ‘कर्तबगार’, ‘यशस्वी’ असली विशेषणं शब्दाच्या अर्थातच घालू नका, ही कळकळीची विनंती.

प्रतिसाद

याच शब्दाचं स्त्रीलिंगी रूप पाहा : ‘इंदियाना’. ती बाई नव्हे, कापड आहे. छापील सुती कापड. आणि इथे मात्र हिंदुस्थान खराखुरा आहे. आपल्याकडून युरोपात गेलेल्या चिटाला तिकडे हे नाव पडलं. पुढे स्पेननं आशियाई छापील कापडाच्या आयातीवर बंदी घातली आणि १७३० च्या दशकापासून बार्सिलोनात त्याची नक्कल करणारे कारखाने निघाले. तेव्हा कापडाला बिनधास्त ‘चीट’ म्हणा, माणसाला मात्र दुसरा शब्द शोधा.

प्रतिसाद

मला ‘चाकरमानी’ सुचला होता, पण तो बसत नाही. चाकरमानी गणपतीला येतो आणि विसर्जन करून जातो, घराशी त्याचा धागा चालू असतो. सिजसचा माणूस पंचवीस-तीस वर्षं गायब होई आणि येई तो कायमचा. गोव्याचा ‘तारवटी’ही नाही, तो जहाजावरचाच.

पण कोकणातच दुसरा धागा आहे. ‘मुंबईकर आले’ असं आपण गावात म्हणतो. ते मुंबईचे नसतात, वाडीतल्याच घरातले असतात. गाव त्यांना, ते जिथे गेले त्या ठिकाणाच्या नावानं ओळखतं. सिजसनं नेमकं हेच केलं आहे : आपल्याच पोराला अमेरिकेचा म्हटलं. मग ‘क्युबाकर’ का नको?

प्रतिसाद

क्युबाकर कानाला फार छान लागतो. मूळ शब्दातला गावकऱ्यांचा सूर त्यात उतरतो. अडचण पोर्तो रिकोहून आलेल्यांची. त्यासाठी पहिल्या उल्लेखाला ‘अमेरिकानो, म्हणजे क्युबा-पोर्तो रिकोहून कमाई करून परतलेले गावकरी’ असं लिहावं आणि पुढे अमेरिकानो चालू ठेवावं. संवादात किंवा गावगप्पांत क्युबाकर वापरावं.

‘वाडा’ टाळा. वाडा म्हटलं की चौक, ओसरी, दिंडी दरवाजा दिसतो. ही घरं रस्त्याला तोंड केलेली, नक्षीच्या दर्शनी भिंतीची. ‘घर’ किंवा ‘हवेली’ पुरे.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. अमेरिकानो आणि क्युबाकर दोन्ही घेतो, कर्तबगार काढून टाकतो. एरेउवर एक परिच्छेदच वाढवतो.

या निमित्तानं गावाच्या नावाचंही सांगतो, कारण तिथे मराठी शब्द आयता मिळाला. कातालान ‘सिजा’ म्हणजे जमिनीत खणलेला धान्याचा खड्डा, तोंड बंद करून वर्षभर साठवणीचा. अनेकवचन ‘सिजस’. आपलं पेवच ते! गावाचं नाव चक्क ‘पेवं’. बऱ्याच भाषांतरांत इथे ‘कोठार’ लिहितात, पण कोठार जमिनीवर असतं. जुनं लॅटिन नाव ‘सुबुर’ मानतात आणि १८७७ च्या कासिनो प्रादो या मंडळाच्या पूर्ण नावात ‘सुबुरेन्से’ अजून टिकून आहे.

प्रतिसाद

पेव अगदी बरोबर. एकच जोड : परतलेले सगळे श्रीमंत नव्हते. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर रिकाम्या हातानं आलेल्याला ‘पेटी पाण्यात पडलेला इंडियानो’ म्हणत. त्यामुळे तुमच्या व्याख्येतला ‘कमाई करून’ हा भाग ‘कमाईसाठी जाऊन’ असा करा. त्यात दोघंही मावतील.