मदत हवी आहे: प्रकल्पाचे प्रमुखच नवख्यांना अपमानास्पद उत्तरं देतात, त्यांना कसं सांगावं?

नमस्कार मंडळी,

ओपन सोर्समध्ये (ज्याचा कोड कोणालाही बघता, बदलता येतो अशा सॉफ्टवेअरमध्ये) काम केलेल्या, त्यातही एखादा प्रकल्प स्वतः सांभाळलेल्या लोकांकडून सल्ला हवा आहे. जरा सविस्तर लिहिते, नाहीतर "मनाला लावून घेऊ नका" एवढंच उत्तर येतं आणि गाडी तिथेच अडते.

मी फोंड्याला असते. आमचा छोटा गट मराठी आणि कोकणीसाठी शुद्धलेखन तपासणारा मुक्त शब्दकोश तयार करतो. हन्स्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या मुक्त प्रोग्रामच्या साच्यातला, म्हणजे लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस पॅकेजमध्ये बसवला की चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ येते. नियमित काम करणारे जेमतेम सहाजण. हे सगळं ज्यांनी उभं केलं ते सर आमचे प्रमुख मेंटेनर. त्यांच्या होकाराशिवाय एक ओळही आत जात नाही. माणूस कामाला वाघ. 'घर'वरून घराला, घराचा, घरापासून ही रूपं आपोआप बनवणारे प्रत्ययांचे नियम त्यांनी एकट्याने, नोकरी सांभाळून बसवलेत. त्यांच्याबद्दल मनात आदर आहे म्हणूनच हा धागा काढतेय. नसता तर प्रकल्पाची दुसरी प्रत काढून वेगळी चूल मांडली असती.

आता काय झालं ते सांगते. इंजिनिअरिंगला असलेल्या एका मुलाने पॅच, म्हणजे फाइलींतला सुचवलेला बदल, पाठवला. शब्दयादीत काही अदृश्य चिन्हं होती, ती त्याला कचरा वाटली. छोटी स्क्रिप्ट लिहून त्याने ती सगळीच्या सगळी काढून टाकली. ज्यांना माहीत आहे त्यांच्या लक्षात आलंच असेल. जुन्या मजकुरात 'ऱ्य' हे र, हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर (अक्षरं कशी जोडायची ते सांगणारं अदृश्य चिन्ह) असं लिहिलेलं असतं. जॉइनर उडाला की 'दऱ्या'चं 'दर्या' होतं आणि 'सुऱ्या'चं 'सुर्या'. यादीतले असे सगळे शब्द मोडले.

सरांनी पॅच नाकारला, ते योग्यच केलं. पण उत्तर असं होतं: "पाठवण्याआधी एकदा तरी डोळे उघडून बघितलंस का? मराठी वाचता येतं की नाही? कॉलेजात हेच शिकवतात वाटतं. असला कचरा साफ करायला मी इथे बसलेलो नाही. पुन्हा पाठवू नकोस." हे सगळं उघड, सगळ्यांना दिसेल असं. मुलाने दुसऱ्या दिवशी प्रकल्पाची आपली प्रत पुसून टाकली. मी फोन केला तर म्हणाला, "जाऊ दे ताई, मला नाही जमायचं ते." हा मुलगा सुट्टीत आजीकडून जुने कोकणी शब्द विचारून यादीत भरायचा. तसलं काम करायला आम्हाला दुसरं कोण मिळणार आहे?

तोच पॅच तितक्याच कडकपणे असाही नाकारता आला असता: "हा घेता येणार नाही. जॉइनर काढल्यामुळे दऱ्याचं दर्या होतंय. काढण्याऐवजी र-हलन्त-जॉइनर हा क्रम ऱ-हलन्त असा बदल, आणि चाचणीत ऱ्य, ऱ्ह असलेले शब्द घालून पुन्हा पाठव." युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरं साठवण्याच्या जागतिक प्रमाणात) हा दुसरा क्रम प्रमाण आहे, पहिला जुन्या मजकुरासाठी चालवून घेतात. म्हणजे मुलगा ज्या जागी हात घालत होता तिथे खरोखरच दुरुस्ती हवी होती! सरांच्या उत्तरात हे कुठेच नाही. रागाच्या भरात मुख्य माहितीच राहून गेली, आणि माझ्या मते यात सगळ्यात मोठं नुकसान तेच आहे.

सरांशी मी चाचपून बोलले. त्यांचं म्हणणं तीन गोष्टींवर उभं आहे.

एक, लिनक्स सुरू करणारा लायनस टॉरवाल्ड्स. "तो कसा बोलतो बघ. आणि लिनक्स सगळ्या जगात चालतो." सर २०१२ सालचा लायनस धरून बसलेत. कर्नेलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, बदलाने लोकांचे प्रोग्राम मोडता कामा नयेत, या नियमावरून त्याने त्या डिसेंबरात एका मेंटेनरला मोठ्या अक्षरांत झोडपलं होतं. नियम बरोबर होता, आजही आहे. पण पुढचंही बघायला हवं ना. २०१३ च्या जुलैत यूएसबी ३ चा ड्रायव्हर लिहिलेल्या एका डेव्हलपरने या भाषेवर उघड आक्षेप घेतला, आणि २०१५ मध्ये कर्नेलचं काम सोडल्याचं जाहीर केलं. मग १६ सप्टेंबर २०१८ ला खुद्द लायनसने पत्र लिहिलं: आपले वैयक्तिक हल्ले अव्यावसायिक आणि अनाठायी होते, त्याने लोक दुखावले, कदाचित काही जण कर्नेलचं काम कायमचं सोडून गेले. काही दिवस बाजूला होऊन, इतरांच्या भावना कशा समजून घ्याव्यात यासाठी मदत घेतो असं त्याने सांगितलं. कर्नेलची ४.१९ ही आवृत्ती ग्रेग क्रोआ-हार्टमन या दुसऱ्या मेंटेनरने पुरी केली आणि ऑक्टोबरात लायनस परत आला. त्याच सुमारास कर्नेलने नवी आचारसंहिताही स्वीकारली. त्यानंतर लिनक्स काही बंद पडला नाही, वाईट पॅच तिथे अजूनही नाकारले जातात. हे सरांना सांगितलं तर म्हणाले, "तो म्हातारा झाला."

दोन, तालीम. सर जत्रेतल्या नाटकांत वाढलेले. "आमचे तालीममास्तर काय काय बोलायचे! म्हणून तर उभं राहायला शिकलो." हे मला पटतं, आमच्या घरातही नाटकवाले आहेत. पण मास्तर ओरडायचे ते तालमीच्या खोलीत, ओळखीच्या पोरांवर, आणि नंतर त्यांनाच सोबत घेऊन चहाला जायचे. जत्रेच्या रात्री भरल्या मांडवात कोणी पोराला ओरडलं नाही. इथे नवखा पहिलं पाऊल टाकतो तेच भरल्या मांडवात. शिवाय ते बोलणं तिथे वर्षानुवर्षं राहतं. उद्या नोकरी देणारा त्या मुलाचं नाव शोधेल तर त्याला हेच सापडेल.

तीन, वैताग. इथे मात्र मी सरांच्या बाजूची आहे. हॅक्टोबरफेस्ट या दर ऑक्टोबरातल्या ओपन सोर्स उपक्रमात चार पुल रिक्वेस्ट (बदल आत घ्या अशा विनंत्या) पाठवल्या की टी-शर्ट मिळायचा. ऑक्टोबर २०२० मध्ये नुसत्या रीडमी (प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या) फाइलमध्ये एखादा शब्द घुसडलेल्या रिक्वेस्टींचा एवढा पूर आला, की आयोजकांना महिन्याच्या पहिल्या काही दिवसांतच नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पांना भाग घ्यायचाय तेच मोजायचे. त्या पुरात आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचा वाटा मोठा होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. फुकट वापरून वर धमकावणारे लोक सरांच्याही वाट्याला येतात. एकट्या माणसाने किती सोसायचं? एक्सझेड या फाइली लहान करणाऱ्या मुक्त साधनाचं काय झालं ते आठवा: २०२२ मध्ये दमलेल्या एकट्या मेंटेनरवर अनोळखी खात्यांनी "काम होत नसेल तर दुसऱ्याला द्या" असा दबाव आणला, पुढे जिया टॅन नावाच्या खात्याकडे अधिकार गेले, आणि मार्च २०२४ मध्ये त्यात पेरलेला चोरदरवाजा सापडला. म्हणून तर मला वाटतं, सरांना ओळखीतले, भरवशाचे चार हात हवेत, आणि नेमके तेच हात आम्ही पळवून लावतोय.

माझे प्रश्न असे:

आचारसंहिता लावावी असं आमच्यातल्या दोघांचं मत आहे. कॉन्ट्रिब्युटर कव्हनंट हा बऱ्याच प्रकल्पांत वापरला जाणारा आचारसंहितेचा नमुना मी वाचला. त्याच्या २.१ या आवृत्तीत दुरुस्ती, ताकीद, तात्पुरती बंदी आणि कायमची बंदी अशा चार पायऱ्या दिल्यात. पण तक्रार कुठे करायची त्या जागी आमच्याकडे सरांचाच ईमेल येणार! प्रमुखाविरुद्धच तक्रार असेल तेव्हा ती कोणी ऐकायची? तुमच्या छोट्या प्रकल्पांत हे कसं सोडवलंत? बाहेरचा एखादा माणूस नेमता येतो का?

दुसरं, सरांना समोर बसून सांगावं की लिहून द्यावं? वयाने, मानाने मोठे आहेत. सगळ्यांनी मिळून गेलो तर घेराव घातल्यासारखं वाटेल, एकटी गेले तर "बरं बरं" म्हणून विषय बदलतील.

आणि त्या मुलाचं काय? अपमान चारचौघांत झाला, तर दिलगिरीही चारचौघांतच हवी, असं माझं ठाम मत आहे. पण त्यासाठी अडून बसले तर सर हट्टाला पेटतील ही भीती आहे.

प्रतिसाद वाचून भर घालते:

सगळ्यांचे आभार. "वेगळी प्रत काढा" असं बऱ्याच जणांनी सुचवलंय. दोन अर्धवट शब्दकोश होतील, वापरणाऱ्यांचे हाल होतील, म्हणून ते अगदी शेवटी.

"नवख्यांचे पॅच आधी तुम्ही बघा, सरांकडे नंतर द्या" ही सूचना सगळ्यात व्यवहारी वाटली. सरांचा वेळ वाचेल, हे त्यांना सांगता येईल आणि ते खरंही आहे. फक्त एक शंका: यात प्रमुखांचं बोलणं तसंच राहतं आणि बाकीचे ढाल होऊन बसतात. असं कोणी केलंय का, आणि ते टिकलं का?

एकांनी विचारलं, मुलगा परत यायला तयार आहे का. काल त्याला ऱ-हलन्तचा मार्ग समजावून सांगितला. त्याने स्क्रिप्ट सुधारून मला पाठवलीय, पण स्वतःच्या नावाने द्यायला नको म्हणतो. माझ्या नावाने घालायला मी तयार नाही, काम त्याचं आहे. चवथीच्या आधी नवी आवृत्ती काढायची आहे, म्हणून जे काही सुचवाल ते या आठवड्यात सुचवा. कमिटमध्ये (बदलाच्या नोंदीत) लेखक म्हणून टोपणनाव चालतं का, आणि ते पुढे खऱ्या नावात बदलता येतं का, हेही कोणाला माहीत असेल तर सांगा.