शब्दचर्चा : इंग्लंडमधलं शिवार, साय आणि मुरडीची पॅस्टी

नदीकाठ
मंडळी, थोडी मदत हवी होती. आम्ही इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हनमध्ये राहतो आणि जूनमध्ये सासूसासरे यायचेत, कराडजवळचे, सगळं आयुष्य शेतीत गेलेलं. त्यांच्यासाठी एक वही करतेय, कुठे फिरायचं, तिथे खायला काय मिळतं, पाट्यांवर काय लिहिलेलं असतं, सगळं मराठीत, म्हणजे आम्ही ऑफिसला गेलो तरी दोघं आपले आपण फिरू शकतील. तर पहिल्याच शब्दाला अडले. कंट्रीसाइड. कोशात ग्रामीण भाग दिलंय, पण ग्रामीण म्हटलं की मला रुग्णालय आणि पोलीस ठाणं आठवतं, फिरायला जायची जागा नाही आठवत. खेडं म्हणावं तर खेडं म्हणजे वस्ती, आणि इथे लोक शनिवार-रविवारी जातात ते वस्ती सोडून शेतं, कुरणं, ओढे, टेकड्या बघायला. नुसतं निसर्ग लिहिलं तर तेही पटत नाही कारण इथली वीत न् वीत माणसाने राखलेली आहे, कुठे मेंढ्या चरतात, कुठे गवत कापून गठ्ठे बांधलेत.

दुसरा शब्द फुटपाथ. शेताच्या कडेला पब्लिक फुटपाथ अशी पाटी असते. आपल्याकडे फुटपाथ म्हणजे लक्ष्मी रोडचा, त्याला इथे पेव्हमेंट म्हणतात. आणि तिसरं म्हणजे खाण्याचे शब्द, क्रीम टी, पेस्टी, प्लाउमन्स लंच. तसेच ठेवायचे का काही करता येईल? आमच्या लोकांना वाचून पटकन चित्र दिसलं पाहिजे एवढीच अट आहे.

तांबडी माती
शिवार लिहा ताई, दुसरा शब्द शोधूच नका. कराडकडच्या माणसाला शिवार म्हटलं की पिकं, बांध, विहीर, ओढा, झाडं असं सगळं एकदम दिसतं आणि घरं त्यात येत नाहीत, तुम्हाला नेमकं तेच पाहिजे. डे आउटला शिवारफेरी म्हणा. तो शब्द आपल्याकडे कृषी खात्याच्या कार्यक्रमातही वापरतात पण मूळ अर्थ साधा आहे, रानातून एक चक्कर मारून यायची. मात्र तुमच्या डेव्हनमधल्या डार्टमूरला शिवार म्हणू नका, तिथे काही पिकत नाही, तो माळ.

आता फुटपाथ. पायवाट बरोबर आहे पण अर्धं आहे. पायवाट कुणाच्याही रानातून पडते आणि मालकाने उद्या नांगर घातला की मोडते. त्या पाटीचा अर्थ असा की ही वाट कायद्याने सगळ्यांची आहे, जमीन कुणाचीही असो. याला आपला सातबाऱ्याइतका जुना शब्द आहे, वहिवाट. तुमच्या सासऱ्यांना वहिवाट म्हटलं की एका वाक्यात सगळं कळेल, कारण आपल्याकडे निम्मे दावे त्याचेच असतात. आपल्याकडे कुणी वाट अडवली तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. इंग्लंडमध्ये हायवेज ॲक्ट १९८० मध्ये असं आहे की लोकांनी एखादी वाट सलग २० वर्षं, विनाअडथळा, हक्काने वापरली आणि मालकाने तसा इरादा नाही हे दाखवून दिलेलं नसलं तर ती सार्वजनिक धरली जाते. म्हणून वहीत सरळ ‘सार्वजनिक वहिवाट’ लिहा.

यॉर्कशायरकर
वहिवाट हा शब्द वाचून फार बरं वाटलं, इतकी वर्षं मी मुलांना राइट ऑफ वे समजावताना चालण्याचा अधिकार असलं काहीतरी जड बोलत होतो. यात थोडी भर घालतो. इथल्या कौन्सिलांना १९४९ च्या कायद्याने या सगळ्या वाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले, त्यामुळे वाट नकाशात असेल तर शेतकऱ्याशी वाद घालायची वेळ सहसा येत नाही. ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे इथल्या सरकारी नकाशा संस्थेचा, नारिंगी कव्हरचा एक्सप्लोरर नकाशा घ्या, १:२५,०००, त्यात हिरव्या तुटक रेघा म्हणजे वहिवाटी. रानात खांबांवर छोटे बाण ठोकलेले असतात, पिवळा बाण फक्त चालणाऱ्यांसाठी, निळा असेल तर घोडा आणि सायकलही चालते. हे रंग वहीत पहिल्याच पानावर काढून दाखवा, इंग्रजी वाचता आलं नाही तरी अडणार नाही.

माळाचं वेगळं आहे. तिथे वाटेचंही बंधन नाही, २००० सालच्या कायद्याने बहुतेक उघडे माळ, डोंगर आणि नोंदलेली सामायिक जमीन पायी फिरायला मोकळी झाली, डार्टमूरला तर त्याच्याही आधीपासून वेगळा कायदा आहे. हे काही आपोआप झालेलं नाही. १९३२ च्या एप्रिलमध्ये मँचेस्टर-शेफील्डकडचे कामगार किंडर स्काउटच्या माळावर, जो तेव्हा शिकारीसाठी बंद ठेवलेला होता, मुद्दाम घुसून चढले आणि त्यातल्या काहींना तुरुंगात जावं लागलं. आज तिथे आरामात डबा उघडून बसतो तेव्हा मुलांना मी हे आवर्जून सांगतो, सुट्टीचा एक दिवस मोकळ्या हवेत मिळावा म्हणून माणसं जेलमध्ये गेलीत.

गडगा
माझ्या आयडीवरूनच कळलं असेल मी काय सांगणार ते. इंग्लंडात शेतांच्या मधे जी माती-चुना न वापरता नुसते दगड रचून केलेली भिंत असते तिला कृपया ‘कोरड्या दगडांची भिंत’ लिहू नका, तो गडगा. आमच्याकडे गुहागर-राजापुरात चिऱ्याचे आणि काळ्या दगडाचे गडगे असेच रचतात, मोठा दगड खाली, लहान वर, मधल्या फटीत चिपा. यॉर्कशायरचे फोटो बघितले तर दगडाचा रंग सोडला तर काही फरक नाही. गडग्यातून आत-बाहेर करायचं बांबूचं बेडं असतं आमच्याकडे, तिकडे लाकडी फाटक.

नदीकाठ
गडगा! हा सुटला होता. पण आमच्या डेव्हनला तो पूर्ण लागू होत नाही हो, इथे मातीचा उंच बांध, त्याला कधी बाजूने दगड लावलेले, आणि डोक्यावर झुडपांची दाट वई. दोन बाजूंना असे बांध आणि मधून एकच गाडी जाईल इतका अरुंद रस्ता, वरून फांद्या भिडलेल्या. समोरून ट्रॅक्टर आला की पार मागे जावं लागतं.

तांबडी माती
मग ती पाणंद की. दोन रानांच्या मधली, दोन्हीकडे बांध आणि झाडोरा असलेली. सासऱ्यांना सांगा डेव्हनला पाणंदी डांबरी आहेत, त्यांना लगेच कळेल आणि बैलगाडीच्या वेळच्या गोष्टी पण ऐकायला मिळतील तुम्हाला.

आणि एक राहिलं, डार्टमूरवर जी घोडी मोकळी फिरतात त्यांना रानटी घोडे लिहू नका. ती सगळी मालकाची असतात, आसपासच्या ज्या शेतकऱ्यांना माळावर चराईचा हक्क आहे त्यांची. म्हणजे आपलं गायरान समजा. त्यांना खायला घालायला मनाई आहे हे मात्र ठळक लिहा कारण आपली माणसं प्रेमाने चपाती पुढे करतात.

शब्दवेडी
जमिनीचे शब्द छान जमले. आता खाण्याकडे येऊया, तिथे मला जरा वेगळं म्हणायचंय. पदार्थाचं नाव बदलू नका, क्रीम टी ला क्रीम टी च ठेवा कारण काउंटरवर तोच शब्द बोलावा लागणार, पण तो पदार्थ कशाचा बनलाय ते मात्र आपल्या शब्दात सांगा. नाहीतर क्रीम टी म्हणजे मलई घातलेला चहा असं वाटून सासूबाई मागवणारच नाहीत.

नदीकाठ
अगदी हेच झालं होतं माझ्या मैत्रिणीच्या आईचं! क्रीम टी म्हणजे चहाची किटली, सोबत स्कोन (भाजलेला छोटा, जाडसर पावासारखा प्रकार), स्ट्रॉबेरी जॅम आणि क्लॉटेड क्रीम. चहात क्रीम कुठेच नाही. स्कोनचं देवनागरीत काय करायचं हा पण प्रश्न आहे, निम्मे लोक स्कॉन म्हणतात निम्मे स्कोन, आणि दोन्ही बाजू तितक्याच हट्टी. क्लॉटेड क्रीमसाठी साय चालेल का? का मलई?

शब्दवेडी
साय. मलई म्हटलं की साखर डोळ्यासमोर येते, मलई बर्फी, मलई कुल्फी. क्लॉटेड क्रीममध्ये साखर नसते. आणि करायची रीत बघा ना, सायीचं दूध पसरट भांड्यात मंद आचेवर कितीतरी तास तापत ठेवायचं, मग न हलवता हळूहळू गार होऊ द्यायचं, वर जे जाड थर धरून येतं ते काढून घ्यायचं. आपली आजी जे रोज करायची तेच आहे, फक्त आपण ती साय साठवून विरजण लावतो आणि लोणी काढतो, ते तिथेच थांबतात. वरचा सोनेरी पापुद्रा मोडून खालचं पांढरं लोण्यासारखं मऊ चमच्याने घ्यायचं. कॉर्निश, म्हणजे तुमच्या शेजारच्या कॉर्नवॉलच्या, क्लॉटेड क्रीमला १९९८ पासून युरोपचं संरक्षित नाव आहे आणि त्यात स्निग्धांश किमान ५५ टक्के लागतो. म्हणून मी ‘दाट साय’ लिहीन, नुसती साय म्हटली तर चहावरची पातळ डोळ्यापुढे येईल.

नदीकाठ
दाट साय नक्की. आणि क्रम पण लिहायला हवा, डेव्हनमध्ये आधी साय मग जॅम, कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम मग साय. २०१८ मध्ये कॉर्नवॉलमधल्या लॅनहायड्रॉक या नॅशनल ट्रस्टच्या (जुने वाडे-जागा जपणारी, सभासदांची संस्था) वाड्याने मदर्स डे च्या जाहिरातीत आधी साय लावलेला स्कोन दाखवला तर लोकांनी सदस्यत्व रद्द करायच्या धमक्या दिल्या आणि त्यांना माफी मागावी लागली. आम्ही डेव्हनकर असल्याने घरात सायच आधी लागते आणि खरंच चवीला फरक पडतो, खाली साय असली की ती लोण्यासारखी स्कोनला धरते.

गडगा
पेस्टीबद्दल सांगतो. आधी स्पेलिंग दुरुस्त करा, पॅस्टी लिहा. पेस्टी वाचलं की आपला माणूस पेस्ट्री वाचणार आणि केकचा तुकडा समजून बसणार. मी स्वतः कॉर्नवॉलला बेकरीच्या काचेतून आत बघत उभा होतो, बाई इतक्या भराभर कड मुरडत होत्या की आमच्या घरी दिवाळीत आई जशी करंज्यांना मुरड घालते तशीच बोटं चालत होती, अंगठ्याने दाबायचं, दुमडायचं, पुढचं ओढायचं. त्यामुळे क्रिंप या शब्दाला मराठीत शोधाशोध नको, मुरड. आणि ही मुरड म्हणजे नुसती हौस नाही, कॉर्निश पॅस्टी हे नाव २०११ पासून संरक्षित आहे आणि त्यात अटच आहे की आकार इंग्रजी डी सारखा, मुरड बाजूला, माथ्यावर नाही. आत गोमांस, बटाटा, कांदा, स्वीड (सलगमसारखा कंद), मांस कमीत कमी साडेबारा टक्के आणि भाज्या किमान २५ टक्के. सारण कच्चंच भरतात आणि भट्टीत पिठाच्या आत शिजतं. गाजर घातलं तर कॉर्निश लोक नाराज होतात. गंमत म्हणजे स्वीडला कॉर्नवॉलमध्ये टर्निप म्हणतात, त्यामुळे पाटीवर टर्निप दिसलं तरी बहुतेक वेळा तो आतून पिवळा स्वीडच असतो.

खाणकामगार ही घेऊन खाणीत जायचे आणि कामाच्या मधल्या खाण्याला तिकडे क्राउस्ट किंवा क्रिब असा शब्द आहे. मला तो आपल्या शिदोरीच्या फार जवळचा वाटतो.

यॉर्कशायरकर
प्लाउमन्स लंचसाठी कुणीतरी न्याहारी सुचवेल म्हणून आधीच सांगतो. ब्रेडचा जाड तुकडा, चीज, कांदा, पिकल, कधी सफरचंद. शेतात ब्रेड-चीज-कांदा खाणं शेकडो वर्षांचं खरं आहे, पण प्लाउमन्स लंच हे नाव पबमध्ये रूढ झालं ते दुसऱ्या महायुद्धानंतर, चीजचं रेशनिंग १९५४ मध्ये उठलं आणि चीज खपवणाऱ्या संस्थांनी ५०-६० च्या दशकात या नावाचा प्रचार केला. म्हणून वहीत नाव तेच ठेवा आणि पुढे ‘भाकरी-कांद्यासारखी साधी थाळी, चीज घालून’ एवढं पुरे. पिकलला लोणचं लिहू नका पण. ते तपकिरी, गोड-आंबट, भाज्यांचे तुकडे घातलेलं असतं, तेल नाही, मोहरी-मेथीचा वास नाही, लोणचं समजून घेतलं तर फसगत होते.

पबचंही समजावून लिहा. आपल्याकडे पब म्हटलं की वडीलधाऱ्यांना अंधार आणि मोठं संगीत आठवतं. गावातला पब म्हणजे दुपारी आजी-आजोबा, लहान मुलं, कुत्री सगळे जेवायला बसलेले असतात आणि दारू घेतली नाही तरी कुणी विचारत नाही. फक्त सायडर हा सफरचंदाचा रस समजून मागवू नका, तिथे सायडर म्हणजे दारूच, रस हवा तर ॲपल ज्यूस म्हणा.

नदीकाठ
सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत, अंडं चालतं. त्यांना काय काय टाळायला सांगू? पुडिंग म्हटलं की त्या गोड समजणार.

यॉर्कशायरकर
पुडिंग शब्दावर भरवसा ठेवू नका. यॉर्कशायर पुडिंग गोड नाही, मैदा-अंडी-दुधाचा फुगलेला वाटीसारखा प्रकार, रविवारच्या रोस्टबरोबर, आणि पूर्वापार तो गोमांसाच्या चरबीत भाजतात, तेव्हा विचारूनच घ्यायचा. ब्लॅक पुडिंग तर रक्ताचं. उलट मेनूच्या शेवटी नुसतं पुडिंग्ज असं शीर्षक असेल तर ते गोडाचे पदार्थ. त्यातही स्टिकी टॉफी पुडिंग चालेल पण वाफवलेल्या सुएट पुडिंगमध्ये जनावराची चरबी असू शकते. चीजमध्ये पारंपरिक पद्धतीत दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, शाकाहारी चीजवर तसं लिहिलेलं किंवा व्ही चं चिन्ह असतं, फार्म शॉपमध्ये विचारलं तर नीट सांगतात. पॅस्टी चीज-कांद्याची मिळते, तिथेही चीजचं विचारून घ्या, आणि पीठ मळताना चरबी घातली आहे का तेही.

शब्दवेडी
जूनमध्ये येतायत तर एल्डरफ्लॉवर राहिलं. रस्त्याकडेच्या वईतच झुडपं असतात, पांढऱ्या बारीक फुलांचे ताटासारखे पसरट झुबके. त्या फुलांचं कॉर्डियल करतात, साखरेचा पाक, लिंबू आणि थोडं सायट्रिक ॲसिड यात फुलं दिवसभर भिजत ठेवून गाळायचं आणि पाणी घालून प्यायचं. झाडाला मराठी नाव नाही, एल्डरच ठेवा, पण कॉर्डियलला सिरप लिहिलं की झालं, आपण कोकमाचं सिरप म्हणतोच.

नदीकाठ
लिहिलं. आणि पिक युवर ओन स्ट्रॉबेरीचं पान ‘आपली आपण तोडा’ असं केलंय, सासऱ्यांना तोडणी म्हटलं की टोपली घेऊन तेच सगळ्यात पुढे असतील. किसिंग गेट तेवढं अडलंय, ते एका वेळी एकच माणूस जाईल आणि मेंढरू जाणार नाही असं फाटक. कुणाच्या गावाकडे असल्या फाटकाला काही नाव आहे का?

गडगा
आमच्याकडे तसलं बेडं नसतं, त्यामुळे नाव पण नाही. तुम्ही झुलतं फाटक लिहा आणि शेजारी चित्र काढा.