अर्ली डिसिजन, बाइंडिंग आणि फायनान्शियल एड: १ नोव्हेंबरच्या आधी काय काय हातात हवं?

सातरस्ता
मुलगी बारावी सायन्सला आहे, स्टेट बोर्ड. दहावीपर्यंत एका शाळेत, अकरावी-बारावी दुसऱ्या ज्युनिअर कॉलेजात. पुढच्या ऑगस्टला अमेरिकेत पदवीसाठी जायचं आहे. घरी आठ पॉवरलूम आहेत, टॉवेलचं काम, बहुतेक मजुरीवर. मोहोळ तालुक्यात सासऱ्यांच्या नावावर थोडी शेती आहे. सगळं धरून वर्षाला चार लाखांच्या वर आम्ही घालू शकत नाही.
तीन शंका आहेत. अर्ली डिसिजन बाइंडिंग असतं म्हणतात, मग मदत कमी मिळाली तर आम्ही अडकतो का? लवकर अर्ज केल्याने मदत मागणाऱ्या मुलांची संधी खरंच वाढते का? आणि कागद नेमके कुठले, कधीपर्यंत? इथे पुण्या-मुंबईसारखं विचारायला कोणी नाही.

भुईकोट
ताई, आधी शब्द वेगळे करू, कारण गल्लत तिथेच होते. अर्ली डिसिजन म्हणजे ईडी: एकाच कॉलेजात अर्ज, घेतलं तर जायचंच. त्या करारावर मुलगी, पालक आणि शाळेतर्फे प्राचार्य किंवा काउन्सेलर, तिघांच्या सह्या असतात. अर्ली अ‍ॅक्शन म्हणजे ईए: उत्तर लवकर मिळतं, पण बांधिलकी नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनचं तिसरंच आहे. बांधिलकी नाही, पण त्याच वेळी दुसऱ्या खाजगी अमेरिकन कॉलेजात अर्ली अर्ज चालत नाही.

तुम्ही अडकत नाही. कॉमन अ‍ॅप म्हणजे अनेक कॉलेजांसाठी चालणारा एकच ऑनलाइन अर्ज. त्याच्या ईडी करारातच लिहिलंय की मदत मागणाऱ्या मुलाला शिकणं शक्य होईल इतकी मदत मिळाली नाही, तर तो प्रवेश नाकारून करारातून मोकळा होऊ शकतो. मात्र ही सूट प्रत्यक्षात वापरणं दिसतं तितकं सोपं नाही. निकाल डिसेंबरच्या मध्यावर लागतो आणि बाकीच्या कॉलेजांची रेग्युलर मुदत १ ते ५ जानेवारीच्या आसपास असते. आकडा परवडत नसेल तर आधी एड ऑफिसला लिहून फेरविचार मागायचा, त्यात आठवडा जातो, मध्ये त्यांची नाताळची सुट्टी. म्हणून बाकीचे आठ-दहा अर्ज निबंधांसकट डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तयार हवेत, फक्त 'सबमिट' दाबायचं बाकी. दुसरं म्हणजे ईडीत चार कॉलेजांचे आकडे शेजारी ठेवून निवड करता येत नाही. एकच आकडा समोर येतो, त्याला हो किंवा नाही म्हणायचं.

आता संधीचं. परदेशी मुलांच्या बाबतीतही पैशांची गरज न पाहता निर्णय घेणारी कॉलेजं मोजकी आहेत: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन, आणि अलीकडे ब्राउन, नोत्र दाम, वॉशिंग्टन अँड ली. यांना 'नीड-ब्लाइंड' म्हणतात. बाकी जवळजवळ सगळी 'नीड-अवेअर': परदेशी मुलांसाठीच्या मदतीची रक्कम ठरलेली, त्यात बसेल तेवढ्यांनाच घेतात. ईडीच्या वेळी ती थैली भरलेली असते, मार्चमध्ये तळाला आलेली असते. त्यामुळे नीड-अवेअर कॉलेजात ईडीचा थोडा फायदा होतो, हे खरं. पण ईडीची निवडीची जी टक्केवारी छापलेली दिसते, तिच्यात आधीच हेरलेले खेळाडू आणि माजी विद्यार्थ्यांची मुलंही धरलेली असतात. तो आकडा तुमच्या मुलीचा समजू नका.

माझं मत: ज्या कॉलेजच्या पानावर 'परदेशी विद्यार्थ्यांची पूर्ण सिद्ध गरज भागवतो' असं स्पष्ट लिहिलेलं नाही, तिथे ईडी करूच नये. प्रवेश मिळेल, तीस हजार डॉलरची शिष्यवृत्तीही मिळेल, पण एकूण खर्च ऐंशी-नव्वद हजारांचा असतो. मधलं भगदाड तुमच्या गळ्यात.

सातरस्ता
भुईकोट, खूप आभार. एकीने सल्ला दिला की आत्ता अर्जात 'मदत नको' अशी खूण करा, प्रवेश मिळाल्यावर मागा. तसं चालतं का?

भुईकोट
अजिबात करू नका. बऱ्याच कॉलेजांचा नियमच आहे की परदेशी विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नाही, तर नंतर चारही वर्षं मागता येत नाही. ईडीत असं केलं तर बांधिलकी उरते, मदत जाते, आणि सुटकेचं कलमही लागू होत नाही, कारण ते मदत मागणाऱ्यांसाठीच आहे.

सूतगुंडी
कागदांचं मी सांगते. लूमवाल्या घरांचे फॉर्म इथेच फसतात.

मुख्य फॉर्म सीएसएस प्रोफाइल, कॉलेज बोर्डाचा. १ ऑक्टोबरच्या सुमारास उघडतो. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. आपोआप मिळणारी फीमाफी अमेरिकेतल्या कुटुंबांसाठी आहे. आपण कॉलेजला ईमेल करून माफीचा कोड मागायचा, पुष्कळ कॉलेजं देतात. काही कॉलेजं त्याऐवजी आयएसएफएए नावाचा मोफत फॉर्म घेतात. एफएएफएसए हा अमेरिकी सरकारी मदतीचा फॉर्म आपल्यासाठी नाही, त्यात वेळ घालवू नका. फॉर्ममध्ये चलन रुपया निवडून रकमा रुपयांतच भरायच्या, मनाने डॉलर करायचे नाहीत. आणि सगळे आकडे वार्षिक. महिन्याची कमाई वर्षाच्या रकान्यात गेली की तुमचं उत्पन्न एक बारांश दिसतं. मग कॉलेज खुलासा मागतं आणि फाइल मागे पडते.

लूमचं उत्पन्न. रिटर्न ४४एडीखाली (छोट्या धंद्यांसाठी अंदाजे नफा धरणारं आयकराचं कलम) भरत असाल तर उलाढालीच्या ८ टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरलेला असतो, हिशेबाच्या वह्या लागत नाहीत. पण कॉलेज नफा-तोटा पत्रक मागतं. सीएकडून एका पानाचं करून घ्या: मजुरीची जमा, वीजबिल, कामगारांची मजुरी, सुटे भाग, जागेचं भाडं. सूत धन्याचं (काम देणाऱ्या व्यापाऱ्याचं) की तुमचं, हे त्यात लिहाच. तुम्ही स्वतः सूत घेऊन माल विकला तर उलाढाल चाळीस लाख दिसेल, मजुरीवर असाल तर त्याच आठ लूमची उलाढाल कितीतरी कमी. बोस्टनमध्ये बसलेल्या माणसाला हा फरक आपण सांगितल्याशिवाय कळणार नाही. वह्या ठेवून रिटर्न भरत असाल तर यंत्रांवरचा १५ टक्के घसारा कॉलेज पुन्हा उत्पन्नात मिळवतं. तुमच्या अंदाजापेक्षा त्यांचा आकडा मोठा येतो, तो बहुतेक वेळा यामुळेच.

शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी फॉर्ममध्ये दाखवायचं, करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात. जमीन सासऱ्यांच्या नावावर आहे, म्हणजे ती तुमची मालमत्ता नाही. पण तिथून घरात काय येतं ते लिहा, ज्वारीची पोती येत असतील तर तेही. सातबारा मराठीत असतो. मूळ उतारा आणि इंग्रजी भाषांतर एकाच पीडीएफमध्ये जोडा. भाषांतर प्रमाणित हवं की नाही, ते त्या त्या कॉलेजच्या पानावर पाहा.

आणि एक गोष्ट जपून. फी सवलतीसाठी सेतूतून काढलेला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला एक लाखाचा आणि रिटर्न पावणेचार लाखांचा, असे दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये गेले तर विश्वास उडतो. एकच खरा आकडा ठेवा आणि सगळे कागद त्याच्याशी जुळवून पाहा. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, त्यांचं जानेवारी ते डिसेंबर. कुठलं आर्थिक वर्ष धरलं ते 'विशेष परिस्थिती'च्या चौकटीत दोन ओळींत लिहा. एकत्र कुटुंब असेल तर कोण कोणाच्या कमाईवर आहे, तेही तिथेच.

हे सगळे कागद ईडीच्या तारखेलाच, म्हणजे १ नोव्हेंबरला, किंवा त्यानंतर थोड्याच दिवसांत जायला हवं. उशीर झाला तर डिसेंबरात प्रवेशाचं पत्र येतं, आकडा येत नाही. ईडीत ती सगळ्यात वाईट अवस्था.

कंबरतलाव
शाळेच्या बाजूचं राहिलं. नववी ते बारावीचे गुण लागतात आणि तुमच्याकडे दोन संस्था आहेत. नववीचं गुणपत्रक जुन्या शाळेतून लेटरहेडवर आत्ताच घ्या. ज्युनिअर कॉलेजच्या प्राचार्यांना कॉमन अ‍ॅपमध्ये 'काउन्सेलर' म्हणून जोडायचं. दोन्हीकडचे गुण ते एका पीडीएफमध्ये चढवतात. टक्क्यांचं जीपीए (अमेरिकन पद्धतीची गुणांची सरासरी) करू नका, आहे तसं पाठवा. सोबत स्कूल प्रोफाइल म्हणून एक पान: बोर्ड कुठलं, वर्गात किती मुलं, नव्वदच्या वर किती. बोर्डाचा निकाल मे-जूनमध्ये लागतो, म्हणून चाचण्यांवरून बारावीचे अपेक्षित गुण कॉलेजने द्यायचे. दोन शिक्षकांची शिफारसपत्रं वेगळी, आणि ती त्यांनीच लिहायची.

तारीख दिवाळीच्या आसपास येते. सुट्टी लागली की ऑफिस बंद, शिक्का मिळत नाही. सगळ्या सह्या नवरात्रातच उरकून घ्या. कॉमन अ‍ॅपची मुदत आपल्या इथल्या घड्याळाने रात्री ११:५९ ला संपते, अमेरिकेच्या नाही. शेवटची रात्र त्या भरवशावर ठेवू नका.

एसएटी या प्रवेशपरीक्षेसाठी पुण्याला जायचं धरून चला, आदल्या दिवशीच मुक्कामाला. परीक्षा लॅपटॉपवर ब्लूबुक अ‍ॅपमध्ये असते. एक्झाम सेटअप घरूनच करून जा, चार्जर सोबत ठेवा. ऑगस्टची तारीख घेतली तर ऑक्टोबरला दुसरा प्रयत्न हाती राहतो.

भुईकोट
चार लाखांचं गणित वेगळं सांगतो. डॉलर ८५ रुपये धरला तर ४,७०० डॉलर म्हणजे जेमतेम चार लाख. कॉलेज तुमचा वाटा डॉलरमध्ये ठरवतं. डॉलर ९५ झाला तर तोच वाटा साडेचार लाखांच्या जवळ जातो. शिवाय फॉर्म दरवर्षी भरावा लागतो, उत्पन्न वाढलं की वाटाही वाढतो. मदतीच्या पत्रात विमानभाडं आणि आरोग्य विमा धरलाय का ते पाहा. कॅम्पसवरच्या नोकरीची रक्कम लिहिलेली असते, ती आधी हातात मिळत नाही, काम केल्यावर पगार म्हणून येते. व्हिसाची फी १८५ डॉलर आणि सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) ३५० डॉलर मे-जूनमध्येच भराव्या लागतात, त्या वेगळ्या बाजूला ठेवा.

सातरस्ता
उद्याच नववीच्या गुणपत्रकासाठी जुन्या शाळेत जाते. सीएंना मजुरीच्या पत्रकाचं सांगितलंय, सुताच्या ओळीसकट. सूतगुंडी ताई, तहसीलदारांचा दाखला मागच्या वर्षीचा आहे आणि रिटर्नशी जुळत नाही. नवा काढू का?

सूतगुंडी
कॉलेजने मागितला असेल तरच काढा, आणि रिटर्नची प्रत जोडून त्याच आकड्याचा. मागितला नसेल तर रिटर्न आणि सीएंचं पत्रक एवढंच पाठवा.