सेवा-अध्ययन: ४० विद्यार्थी, एक सत्र; तास कसे आखायचे, गुण कशाला द्यायचे?

प्रश्न
पदवीच्या दुसऱ्या वर्षाला सेवा-अध्ययनाचा, म्हणजे सामाजिक संस्थेत प्रत्यक्ष काम करून त्यातून शिकण्याचा, विषय सुरू करायचा आहे. विद्यार्थी ४०, सत्र १५ आठवड्यांचं, प्रत्येकी ३० तास काम. विद्यार्थ्यांनी आपापली संस्था शोधायची, हजेरीपत्रकावर सही आणायची आणि शेवटी अहवाल द्यायचा, असा कच्चा आराखडा आहे. यात कुठे अडेल? गुण नेमके कशाला द्यावेत?

उत्तर १
पहिली अडचण संस्था शोधण्यातच आहे. ज्याची ओळख त्याला जागा मिळते, बाकीचे सही देणाऱ्याच्या शोधात फिरतात. संस्था तुम्हीच ठरवा, तेही सत्र सुरू होण्याच्या दोन-तीन महिने आधी. जाताना आपला अभ्यासक्रम पुढे करू नका, "तुमचं कोणतं काम माणसांअभावी अडलंय?" इथून बोलणं सुरू करा. सेवा-अध्ययनाचे अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट सिग्मन यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या तीन तत्त्वांपैकी पहिलं हेच: कोणती सेवा द्यायची हे ती घेणाऱ्यांनी ठरवायचं.

चार संस्था पुरतात. पाच-पाच जणांचे आठ गट करा, एका संस्थेत दोन गट, दोघांचे वार वेगळे. पहिले दोन आठवडे वर्गात तयारी, तिसऱ्यात संस्थेची ओळख, चौथ्या ते तेराव्यापर्यंत आठवड्याला तीन तास. झाले ३० तास. चौदाव्या आठवड्यात काम आणि कागद संस्थेकडे नीट सोपवायचे, पंधराव्यात सादरीकरण, आणि त्याला संस्थेची माणसंही हवीत. आठवड्याची मर्यादा लेखी घाला, नाहीतर शेवटच्या पंधरवड्यात सगळे एकदम उगवतात आणि संस्थेचं रोजचं काम ठप्प होतं.

करारपत्र दोन पानांचं असू दे, पण त्यात हे हवंच: कामाचं वर्णन, संस्थेतला जबाबदार माणूस, अपघात झाल्यास कोणाला कळवायचं, विमा, फोटो आणि माहितीची गोपनीयता, आणि मध्येच थांबायची वेळ आली तर काय.

उत्तर २
गुण तासांना देऊ नका. ३० तास ही उत्तीर्ण होण्याची अट ठेवा, गुण शिकण्याला. १०० पैकी चिंतन-नोंदींना ४०, संस्थेच्या हाती पडलेल्या कामाला २५, विषयातल्या संकल्पनांशी जोडणीला २०, संस्थेच्या अभिप्रायाला १५. अभिप्रायाचा अर्ज पाच प्रश्नांपुरताच, नाहीतर तो परत येत नाही.

खरी मेहनत चिंतनाला लागते. "अनुभव कसा वाटला?" विचारलं की "खूप छान वाटलं, आपण किती भाग्यवान" हेच उत्तर येतं, आणि त्यात समोरचा माणूस फक्त दयेचा विषय उरतो. त्याऐवजी दर आठवड्याला एक पान आणि तीन टप्पे: काय घडलं (मत न देता), ते तसं का घडलं (वाचलेली एक संकल्पना लावून), पुढच्या वेळी काय बदलणार. "आज तुमचा कोणता अंदाज चुकला?" हा प्रश्न दर पंधरवड्याला टाका, खोल लिखाण बहुधा त्यातूनच मिळतं. नोंदी आठवड्यात वाचून परत द्या. सत्राअखेर ४० वह्या एकदम तपासल्या तर त्या शेवटच्या रात्री लिहिलेल्या असतात.

उत्तर ३
वरच्या वेळापत्रकावर एक आक्षेप आहे. लहान मुलांसोबतच्या कामाला दहा आठवडे अपुरे पडतात. मुलांचा लळा लागतो आणि नेमकी तेव्हाच परीक्षा येते. अशा ठिकाणी एकतर दोन सत्रांची बांधिलकी घ्या, किंवा निरोपाची तारीख मुलांना पहिल्या दिवसापासून सांगा. मुलांसोबत एकट्याने न थांबण्याचा नियम आणि विद्यार्थ्यांच्या पार्श्वभूमीची तपासणी याला पर्याय नाही. तपासणीला वेळ लागतो, त्यामुळे ती सत्राआधीच सुरू करा.

एका सत्रात नीट बसतं ते मर्यादित, पूर्ण होणारं काम: नोंदींची मांडणी, माहितीपत्रक, छोटं सर्वेक्षण. नोकरी करणाऱ्या किंवा प्रवास न जमणाऱ्या विद्यार्थ्यांनाही हे करता येतं. सर्वेक्षणाचे आकडे कोणाचे, हे मात्र आधीच लिहून घ्या.

प्रश्नकर्ता
संस्थांवर याचा भार किती पडतो?

उत्तर १
विद्यार्थी यायला लागले की पहिले दोन आठवडे संस्था देतेच जास्त, मिळतं कमी. म्हणून ओळखसत्र एकेकाचं नको, दोन्ही गटांचं एकत्र ठेवा, आणि पुढच्या सत्रात त्याच संस्थांकडे परत जा. दर वर्षी नवी संस्था धरली की हा भार दर वेळी नव्या माणसांवर पडतो, आणि केलेलं काम पुढे न्यायला कोणी उरत नाही.