सिम्युलेशन आणि कंपाइलिंगसाठी नवा संगणक: नेहमीचा डेस्कटॉप प्रोसेसर की वर्कस्टेशनचा?

प्रवाही

नमस्कार. माझे काम तीन प्रकारचे आहे. निम्म्याहून अधिक वेळ ओपनफोमवर द्रवप्रवाहाची सिम्युलेशने चालतात, उरलेल्या वेळात एका मोठ्या सी प्लस प्लस प्रकल्पाचे कंपाइलिंग असते, आणि अधूनमधून आलेल्या निकालांची चलचित्रे ब्लेंडरमध्ये रेंडर करावी लागतात. सध्याच्या संगणकात आठ कोरचा प्रोसेसर आणि ६४ गीगाबाइट डीडीआर४ रॅम आहे. मोठ्या मेशला (प्रवाहाची जागा ज्या लहान लहान घरांत विभागून गणित करतात ती जाळी) ही रॅम आता पुरत नाही, म्हणून संपूर्ण संगणकच नवा घ्यायचे ठरवले आहे.

एकीकडे एएमडीचा रायझन ९ ९९५०एक्स आहे, ज्यात १६ कोर, ३२ थ्रेड (एकाच वेळी चालू शकणाऱ्या कामांच्या धारा) आणि ५.७ गीगाहर्ट्झपर्यंतचा वेग मिळतो. दुसरीकडे एएमडीचाच वर्कस्टेशनसाठीचा थ्रेडरिपर ९९८०एक्स आहे, ज्यात ६४ कोर आणि १२८ थ्रेड आहेत. बोर्ड, रॅम आणि कूलर धरले तर दुसरा पर्याय कित्येक पटींनी महाग पडतो, पण हा संगणक बरीच वर्षे वापरायचा असल्याने केवळ किमतीमुळे तो सोडून द्यावा असे वाटत नाही. कोर चौपट झाले तर काम निदान तिप्पट वेगाने होईल, असे धरून चालणे योग्य आहे का? की या दोन्हींच्या मध्ये काही पाहावे?

तळटीप

चौपट कोर म्हणजे तिप्पट वेग हे गृहीतक तुमच्या तीन कामांपैकी फार तर एकाला लागू पडेल, आणि ते काम नेमके तुम्ही अधूनमधून करता ते आहे. रेंडरिंगमध्ये चित्राचे तुकडे एकमेकांवर अवलंबून नसतात, त्यामुळे कोर वाढवत जाल तसा वेळ घटत जातो. मात्र ब्लेंडरचे सायकल्स इंजिन हेच काम चांगल्या ग्राफिक्स कार्डावर सहसा आणखी लवकर उरकते, तेव्हा रेंडरसाठी म्हणून ६४ कोर घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

कंपाइलिंगचे गणित निराळे आहे. कामाचा जो भाग समांतर चालवता येत नाही तोच अखेर एकूण वेगाची मर्यादा ठरवतो, हे जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले होते. कामाचा ९० टक्के भाग समांतर चालतो असे धरले, तर एका कोरच्या तुलनेत १६ कोरवर ६.४ पट आणि ६४ कोरवर ८.८ पट वेग मिळतो. म्हणजे कोर चौपट करूनही वेग ४० टक्क्यांनीसुद्धा वाढत नाही. तोच समांतर भाग ९९ टक्के असेल, तर हे आकडे १३.९ आणि ३९.३ असे होतात. सगळा प्रकल्प मुळापासून बिल्ड करताना तुम्ही दुसऱ्या स्थितीच्या जवळ असता. पण दिवसभरात वारंवार घडते ते म्हणजे एखादी फाइल बदलून पुन्हा बिल्ड करणे, आणि त्यात एक-दोन फाइलींचे कंपाइलिंग व शेवटचे लिंकिंग (सगळे तुकडे जोडून एक प्रोग्राम बनवणे) एवढेच उरते. तिथे एकेका कोरचा वेग महत्त्वाचा ठरतो. थ्रेडरिपरची कमाल मर्यादा ५.४ गीगाहर्ट्झ आहे, म्हणजे रोजच्या या वापरात महाग प्रोसेसर उलट किंचित मागेच राहील.

आता सिम्युलेशन, कारण तुमचा निर्णय खरे तर त्यावरच ठरायला हवा. अशा सॉल्व्हरमध्ये (प्रवाहाची समीकरणे सोडवणाऱ्या प्रोग्राममध्ये) प्रत्येक आवर्तनात संपूर्ण मेशची माहिती रॅममधून प्रोसेसरकडे आणली जाते, तिच्यावर थोडीशी आकडेमोड होते आणि ती परत लिहिली जाते. कोर बहुतेक वेळ आकडेमोड करण्याऐवजी माहितीची वाट पाहत थांबलेले असतात, म्हणून इथे कोरांच्या संख्येपेक्षा मेमरी चॅनेल, म्हणजे रॅम आणि प्रोसेसर यांना जोडणारे मार्ग, अधिक मोलाचे असतात. ९९५०एक्सला दोन चॅनेल आहेत आणि अधिकृत वेग डीडीआर५-५६०० हा आहे. प्रत्येक चॅनेल एका वेळी ८ बाइट वाहून नेतो, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ८९.६ गीगाबाइट. ९९८०एक्सला डीडीआर५-६४०० चे चार चॅनेल आहेत, म्हणजे २०४.८ गीगाबाइट. हे सव्वादोन पटींच्या आसपास जाते, आणि मोठ्या मेशवर तुमचा वेग याच मर्यादेपाशी अडेल.

यातली गंमत पुढे आहे. हीच क्षमता कोरांमध्ये वाटली, तर ९९५०एक्सच्या प्रत्येक कोरच्या वाट्याला ५.६ गीगाबाइट येतात आणि ६४ कोरवाल्याच्या वाट्याला अवघे ३.२. त्याच बोर्डावर बसणाऱ्या, तेवढेच चार चॅनेल असणाऱ्या ३२ कोरच्या ९९७०एक्समध्ये मात्र हा वाटा ६.४ होतो. म्हणून तुमच्या दोन पर्यायांच्या मधला पर्याय हा नुसती तडजोड नाही. तुमच्या कामापुरता तो ६४ कोरपेक्षा अधिक समंजस आहे. कॅश मेमरीत (प्रोसेसरच्या आतल्या लहान पण वेगवान मेमरीत) मावण्याइतकी लहान मेश असेल तर हे गणित बदलते, पण तुमची तक्रारच मोठ्या मेशबद्दल आहे.

खरेदीपूर्वी एक चाचणी अवश्य करा. तेच सिम्युलेशन सध्याच्या संगणकावर आधी एका कोरवर, मग दोन, चार, सहा आणि आठ कोरवर चालवून लागलेला वेळ लिहून ठेवा.

रात्रपाळी

तळटीप यांचे विवेचन पटते, पण त्यांनी डेस्कटॉप प्रोसेसरला थोडे झुकते माप दिले आहे असे माझे मत आहे. ८९.६ गीगाबाइट हा आकडा रॅमच्या दोनच पट्ट्या बसवल्या तर खरा. रॅम कमी पडते म्हणून चारही स्लॉट भरले की ९९५०एक्ससाठी एएमडीने दिलेला अधिकृत वेग ३६०० वर येतो आणि एकूण क्षमता ५७.६ गीगाबाइट होते. हाताने सेटिंग बदलून पुष्कळ जण याहून वर जातात हे मान्य, पण रात्रभर चालणाऱ्या सिम्युलेशनच्या संगणकावर असे प्रयोग करावेत असे मला वाटत नाही. मोठ्या मेशसाठी खरी तुलना ५७.६ आणि २०४.८ यांच्यात आहे, म्हणजे साडेतीन पटींचा फरक आहे.

दुसरा मुद्दा ईसीसीचा, म्हणजे रॅममधल्या चुका ओळखून दुरुस्त करण्याच्या सोयीचा. डीडीआर५ च्या प्रत्येक चिपमध्ये अंतर्गत दुरुस्तीची सोय असते, आणि तेवढ्यावरून आपल्याकडे ईसीसी आहे असा समज अनेकांचा होतो. ती सोय चिपच्या आतल्या चुकांपुरतीच असते. रॅम आणि प्रोसेसर यांच्यामधल्या मार्गात झालेली चूक ती पकडत नाही. त्यासाठी खरी ईसीसी रॅम लागते. थ्रेडरिपरला लागणाऱ्या रजिस्टर्ड रॅममध्ये (सर्व्हर आणि वर्कस्टेशनसाठीच्या, पट्टीवर वेगळी नियंत्रक चिप असलेल्या रॅममध्ये) ती असतेच. रायझनवरही ईसीसी चालते, पण बोर्ड बनवणाऱ्याने ती सोय दिलेली असायला हवी. इंटेलच्या नेहमीच्या कोअर प्रोसेसरांसाठी डब्ल्यू६८० किंवा डब्ल्यू८८० चिपसेटचा बोर्ड निवडावा लागतो. दोन दिवस चाललेल्या गणनेचा निकाल विश्वसनीय आहे की नाही, ही शंका मनात ठेवून काम करणे त्रासदायक असते.

प्रवाही

दोघांचेही मनापासून आभार. सुचवलेली चाचणी करून पाहिली. चार कोरपर्यंत वेळ चांगला घटत गेला, सहा कोरवर अगदी थोडा फरक पडला आणि आठ कोरवर जवळजवळ जैसे थे राहिले. सध्याच्या संगणकातही मला कोर नव्हे तर मेमरी अडवत होती, हे यापूर्वी कधी लक्षातच आले नव्हते.

यावरून पुढचा प्रश्न असा. चॅनेलच महत्त्वाचे असतील, तर आठ चॅनेलचा थ्रेडरिपर प्रो कमी कोरचा घेऊन पैसे वाचवता येतील का? १६ कोरचा प्रो मला आकर्षक वाटू लागला आहे.

तळटीप

तुमची चाचणी अपेक्षेप्रमाणेच निघाली. पण १६ कोरच्या प्रोबाबत सावध राहा. कागदावर त्याला आठ चॅनेल, ४०९.६ गीगाबाइट आणि पीसीआय एक्सप्रेस ५.० च्या १२८ लेन (ग्राफिक्स कार्ड वगैरे जोडण्याचे मार्ग) मिळतात हे खरे आहे. परंतु या प्रोसेसरमध्ये कोर चिपलेट नावाच्या लहान वेगळ्या चिपांवर असतात, तर मेमरीचे नियंत्रण मधल्या वेगळ्या चिपवर असते, आणि प्रत्येक चिपलेटला त्या मधल्या चिपशी जोडणाऱ्या दुव्याची क्षमता मर्यादित असते. १२ आणि १६ कोरच्या प्रोमध्ये अशी दोनच चिपलेटे आहेत, त्यामुळे आठही चॅनेल भरले तरी त्यांतून येणारी सगळी माहिती कोरांपर्यंत पोचूच शकत नाही. ९९७०एक्समध्ये चार चिपलेटे आहेत आणि तिथे चार चॅनेल बऱ्यापैकी वापरले जातात. आठ चॅनेलांचे पैसे मोजायचेच असतील, तर किमान ३२ कोरच्या प्रोपासून विचार करावा.

इंटेलच्या झिऑन डब्ल्यू-३४०० मालिकेतही आठ चॅनेल आणि ११२ लेन आहेत. मात्र ती २०२३ ची आहे, तिची रॅम डीडीआर५-४८०० वेगाची आहे, आणि आज नव्याने ती घ्यावी असे विशेष कारण मला दिसत नाही. फक्त सिम्युलेशनच करायचे असते तर मी तुम्हाला वर्कस्टेशनही नव्हे, तर सर्व्हरचा प्रोसेसर पाहायला सांगितले असते. २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या एपिक ९००४ मालिकेला १२ चॅनेल आहेत आणि डीडीआर५-४८०० वरही ते ४६०.८ गीगाबाइटपर्यंत जातात. पण त्यात एका कोरचा वेग कमी असतो, आणि तुमचे कंपाइलिंग तिथे रखडेल.

साधासुधा

चर्चा वाचून वाटते की सगळे जण एकाच संगणकात तिन्ही कामे बसवण्याच्या मागे लागले आहेत. मी वेगळे मत मांडतो. कंपाइलिंग आणि रोजच्या कामासाठी ९९५०एक्स, दोन मोठ्या पट्ट्यांची रॅम आणि एक चांगले ग्राफिक्स कार्ड घ्यावे, आणि मोठी सिम्युलेशने भाड्याच्या सर्व्हरवर चालवावीत. महिन्यातून मोजक्या वेळीच मोठी मेश लागत असेल, तर स्वतःच्या टेबलाखाली एवढा मोठा प्रोसेसर पोसण्याची गरज नाही.

उष्णतेचा विचारही कोणी केलेला दिसत नाही. ९९५०एक्सची अधिकृत मर्यादा १७० वॉट आहे आणि पूर्ण भारावर तो २३० वॉटपर्यंत जातो. थ्रेडरिपरसाठी ३५० वॉट धरावे लागतात. सिम्युलेशन तासन्‌तास चालते, तेव्हा ही सगळी उष्णता तुम्ही बसता त्याच खोलीत येते आणि पंख्यांचा आवाजही सतत सोबतीला असतो.

बोर्डाच्या आयुष्याबद्दलही वर्कस्टेशनच्या बाजूने फार बोलता येत नाही. २०१७ च्या पहिल्या थ्रेडरिपरचे एक्स३९९ बोर्ड दोन पिढ्या चालले, पण २०१९ मध्ये आलेल्या टीआरएक्स४० बोर्डांना एकच पिढी लाभली. सध्याच्या टीआरएक्स५० वर ७००० आणि ९००० या दोन मालिका बसतात, एवढे मात्र बरे आहे.

रात्रपाळी

साधासुधा यांचा सल्ला ज्यांना क्वचितच मोठी मेश लागते त्यांच्यासाठी उत्तम आहे. पण प्रवाही यांचा निम्म्याहून अधिक वेळ सिम्युलेशनमध्येच जातो. शिवाय प्रवाहाच्या सिम्युलेशनचे निकाल शेकडो गीगाबाइटचे होतात. ते दूरच्या सर्व्हरवरून उतरवून घेण्यातच एवढा वेळ जातो की गणनेत वाचवलेला वेळ त्यात संपतो. उष्णतेचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. शक्य असेल तर संगणक शेजारच्या खोलीत ठेवून नेटवर्कवरून वापरावा.

जाता जाता एक गोष्ट. विंडोज वापरत असाल तर ती लॉजिकल प्रोसेसरांचे ६४ च्या गटांत विभाजन करते, आणि जुन्या प्रोग्रामांना एका गटापलीकडचे थ्रेड दिसतच नाहीत. ३२ कोरचे ६४ थ्रेड एका गटात नेमके बसतात. ६४ कोर न घेण्याचे हे आणखी एक लहानसे कारण.

प्रवाही

मी लिनक्स वापरतो, त्यामुळे गटांची अडचण नाही, पण बाकी सर्व मुद्दे लक्षात घेऊन ९९७०एक्सकडे कल झाला आहे. संगणक शेजारच्या खोलीत ठेवण्याची सोय आहे. आता फक्त रॅमचे सांगा. आधी १२८ गीगाबाइटच्या दोन पट्ट्या घेऊन पुढे आणखी दोन वाढवल्या तर चालेल का, की सुरुवातीलाच ६४ च्या चार घ्याव्यात?

तळटीप

६४ च्या चार घ्या. दोन पट्ट्या बसवल्या तर दोनच चॅनेल वापरले जातील आणि ज्यासाठी हा सगळा खर्च करत आहात ती गोष्टच निम्मी होईल. एकूण २५६ गीगाबाइट झाले की प्रत्येक थ्रेडच्या वाट्याला चार गीगाबाइट येतात, आणि सगळे थ्रेड एकाच वेळी सी प्लस प्लसच्या फाइली कंपाइल करत असतानाही एवढी रॅम सहसा पुरते.

पट्ट्या रजिस्टर्डच हव्यात. डीडीआर५ मध्ये साध्या आणि रजिस्टर्ड पट्ट्यांची खाच वेगळ्या जागी असते आणि त्यांना लागणारा विद्युतदाबही वेगळा असतो, त्यामुळे साध्या पट्ट्या त्या बोर्डावर बसणारच नाहीत. बोर्ड बनवणाऱ्याच्या यादीत असलेलेच मॉडेल निवडा आणि चारही पट्ट्या एकाच संचातल्या घ्या. संगणक पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा बोर्ड सगळ्या रॅमची जुळणी करतो. त्यात काही मिनिटे जातात आणि तोपर्यंत पडद्यावर काहीही दिसत नाही. बोर्ड बिघडला असे समजून मध्येच वीज बंद करू नका.