मदत हवी आहे: साक्षरता वर्गात बायकांचं बोलणं रेकॉर्ड करून त्यावरून वाचन शिकवणं

नमस्कार मंडळी,

नाशिकला सातपूर भागात संध्याकाळी बायकांचा साक्षरता वर्ग घेते. 'उल्लास' या सरकारच्या प्रौढ साक्षरता कार्यक्रमात स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवलंय. मी पेशाने शिक्षिका नाही, बँकेतून निवृत्त झालेय, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटले तर सांभाळून घ्या.

वर्गात बहुतेक जणी धुणीभांडी करणाऱ्या, काही कंपनीत हेल्पर. मूळच्या धुळे-जळगावकडच्या, घरात अहिराणी. सुरुवातीला मी सुट्या अक्षरांवरून 'छगन कमळ बघ' छापाची वाक्यं फळ्यावर लिहायचे. चार घरची भांडी घासून आलेल्या बाईला त्या छगनचं काय कौतुक! पेंगायच्या बिचाऱ्या. एकदा गप्पांच्या ओघात एका काकूंचंच बोलणं फळ्यावर उतरवलं, 'मना आंडोर सुरतमा ऱ्हास. दिवाळीले येस.' (माझा मुलगा सुरतला राहतो. दिवाळीला येतो.) काकू उठून फळ्याजवळ आल्या, आपलं बोलणं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि शेजारणीलाही वाचायला लावलं.

तेव्हापासून तेच चालू आहे. जिची पाळी ती दोन-तीन मिनिटं बोलते. पाणी कधी येतं, लेकीचं बाळंतपण, कंपनीतला पहिला दिवस, काहीही. मी मोबाइलवर रेकॉर्ड करते, घरी ऐकून त्यातली चार-पाच वाक्यं मोठ्या अक्षरात उतरवते आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना झेरॉक्स देते. वर्गात आधी आवाज ऐकायचा, मग ऐकता ऐकता ओळीखाली बोट फिरवायचं. रेकॉर्डिंग नसेल तर लिहून घेताना माझं बँकेतलं मराठी त्यात घुसतं, हे लक्षात आलंय.

आता अडचणी. एक म्हणजे, स्वतःचंच बोलणं असल्याने दोनदा ऐकलं की पाठ होतं. डोळे कागदावर असतात पण वाचन चाललेलं असतं आठवणीतून. खरंच वाचता येतंय की नाही ते ओळखायचं कसं?

दुसरं, अहिराणी तशीच लिहू की प्रमाण मराठी करून देऊ? 'उल्लास'ची चाचणी 150 गुणांची असते, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी 50, आणि आमच्या वर्गाला ती प्रमाण मराठीतच द्यायची आहे.

तिसरी अडचण मला जास्त छळते आहे. एका ताईंनी भिशीचे पैसे नवऱ्याला कळू न देता लेकीच्या शिलाई मशीनसाठी कसे साठवले ते फार रंगवून सांगितलं. सगळ्या हसल्या, टाळ्या पडल्या. घरी सरावाला म्हणून मी ते रेकॉर्डिंग व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला घेतलं तर त्याच म्हणाल्या, "मॅडम, थांबा. फोन पोराचा आहे." विचारलं तर अर्ध्या वर्गाची हीच गत. फोन नवऱ्याचा, पोराचा, नाहीतर घरात कुणीही उचलणारा. मग घरचा सराव करायचा कसा? आणि असं खाजगी बोलणं मुळात रेकॉर्ड करावं का?

कुणी असे वर्ग घेतले असतील तर कृपया सांगा.

खडूफळा:
पाठांतराला घाबरू नका, फक्त तिथेच थांबू नका. कागदाच्या पट्ट्या कापा. आधी वाक्यं वेगळी, मग शब्द वेगळे. पत्त्यांसारखे पिसून पुन्हा लावायला सांगा. आणि वाक्यात एक-दोन खुणा गुपचूप बदला. तुमचंच उदाहरण घ्या: 'मनी आंडेर सुरतमा ऱ्हास.' 'आंडोर' म्हणजे मुलगा, 'आंडेर' म्हणजे मुलगी, बदलल्या फक्त मात्रा. आठवणीतून वाचणारी 'आंडोर'च म्हणणार. वाचणारी मात्र थबकेल, आणि बहुतेक भांडेल की मला मुलगीच नाही! तेवढी परीक्षा पुरे.

तापीकाठ:
मी जळगावचा, घरी अहिराणीच. आधी बोलतात तसंच लिहा. चुकीचं बोलतेस असं एकदा वाटलं की बाई पुढच्या वेळी तोंड उघडत नाही. पहिलं वाचन जमलं की त्याच कागदावर खाली प्रमाण मराठीची ओळ घाला. कामावरच्या वहिनींशी त्या तसंच बोलत असतात, त्यामुळे ती भाषा परकी नाही. 'ळ'वर मात्र वेगळी मेहनत घ्या. आमच्याकडे डोळ्याचा डोया होतो, काळ्याचा काया. कानावर ऐकून लिहिणारी 'य'च लिहिणार, आणि त्यात तिचं काही चुकत नाही. 'मना डोया दुखस' आणि खाली 'माझा डोळा दुखतो', अशा जोड्या करा. जाता जाता, 'ऱ्हास'सारखी जोडाक्षरं पहिल्या महिन्यात टाळा. वाक्यं निवडणं तुमच्याच हातात आहे.

मनीप्लांट:
विषयाशी थेट संबंध नाही, पण चाळिशीपुढच्यांचे डोळे तपासून घेतलेत का? आमच्या वर्गात एका आजींना 'अक्षर लागत नाही' असं आम्ही धरून चाललो होतो. वाचायचा चष्मा लागल्यावर लागायला लागलं.

ओवीवेडी:
परवानगी दोनदा घ्या, बोलण्याआधी आणि स्वतःचा आवाज ऐकून झाल्यावर. बरेचदा ऐकल्यावर कळतं की आपण काय बोलून बसलो. भिशीचं प्रकरण त्यांना हवं असेल तर कागदावर ठेवा, नाव न घालता, आणि आवाज त्यांच्यासमोर पुसा. 'एकदाच ऐकता येईल' असा संदेश पाठवायची सोय व्हॉट्सॲपवर आहे, पण सरावाला ती कुचकामी. पुन्हा पुन्हा ऐकायचं असतं ना!
घरच्या सरावासाठी खाजगी आवाज हवाच कशाला? जात्यावरच्या ओव्या द्या. हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हाँ यांनी सुरू केलेल्या संग्रहात लाखाच्या वर ओव्या आहेत. 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी आवाजासकट आणि लिखित मिळतात. घरात कुणी ऐकल्या तर सासूबाईही येऊन बसतील.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. पट्ट्या आजच कापते. चष्म्याचं डोक्यातच आलं नव्हतं, शिबिराची चौकशी करते. ओवीवेडी, एक शंका: ओव्यांचा कागद देताना त्याही अहिराणीच्या वर्गाला जरा परक्याच ना? की आमच्याच वर्गातल्या काकूंकडून लग्नातली, आणि खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी रेकॉर्ड करू?

ओवीवेडी:
मग तीच करा, माझ्या ओव्या राहू द्या. फक्त एकीने गायचं आणि बाकीच्यांनी मागून म्हणायचं असं नको, रेकॉर्डिंगमध्ये शब्द सुटे ऐकू येत नाहीत. एकटीचा आवाज घ्या. पंखा बंद करा, आणि फोन तोंडापासून वीतभर लांब.