कॅपिटॉल आतून पाहाच
कॅपिटॉल, म्हणजे अमेरिकेच्या संसदेची इमारत, बाहेरून पाहिलं की पुरे, असं एकांनी लिहिलंय, ते मला अजिबात पटलं नाही. वॉशिंग्टनला जाताय तर आत जाच. टूर फुकट असते, फक्त वेळ आधी ऑनलाइन ठरवून ठेवा. घुमट दगडी वाटतो, पण आहे ओतीव लोखंडाचा, वरून रंगवलेला. रोटुंडात, म्हणजे घुमटाखालच्या गोल दालनात, मान वर करून ब्रुमिडी या चित्रकाराचं १८६५चं भित्तिचित्र निवांत बघा, जमिनीपासून १८० फुटांवर आहे! माझे सर्वांत लाडके मात्र इथले एक वास्तुरचनाकार लॅट्रोब यांचे खांब. माथ्यावर ग्रीक पानांऐवजी मक्याची कणसं, साल अर्धवट सोललेली, दाणे दिसणारी. १८१४ साली ब्रिटिश सैन्यानं लावलेल्या आगीतूनही वाचलेत. नेहमीच्या टूरमध्ये दिसतीलच असं नाही, गाइडला विचारा. आणि सोबत खाऊ नेऊ नका, आत चालत नाही.